होज पाइप दाबून बघा

[दृश्य: उघडं बॉनेट, जुनं इंजिन, रेडिएटरकडे जाणारे काळे रबरी पाइप]

जुनी गाडी गरम व्हायला लागली की बऱ्याचदा शेवटी एखादा होज पाइप फुटतो. मग नवा पाइप येतो, क्लिप आवळली जाते, पाणी भरलं जातं आणि गाडी रस्त्यावर जाते. थोड्याच दिवसांत तापमानाचा काटा पुन्हा वर चढतो. पाइप फुटला हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं, पण तो का फुटला हे कुणी विचारलेलं नसतं. या पाइपांना हात लावून, दाबून बघितलं तर अख्ख्या कूलिंगची तब्येत कळते. कुठलाही सुटा भाग विकत घेण्याआधी हे करायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

इंधन जळून जी ऊर्जा निघते, तिचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, वाहून नेतं. वॉटर पंप ते ब्लॉकमधून (इंजिनाचा मुख्य भाग) आणि हेडमधून (त्यावरचा भाग) फिरवतो. पुढे थर्मोस्टॅट असतो. त्याच्या आतलं मेण तापून फुगलं की झडप उघडते, बहुतेक गाड्यांत ८२ ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान. मग गरम कूलंट वरच्या होजमधून रेडिएटरमध्ये जातं आणि निवून खालच्या होजमधून पंपाकडे परततं. नेहमीची रचना ही अशी.

[दृश्य: रेडिएटरची कॅप, जवळून]

कॅपवर ०.९ किंवा १.१ असा आकडा दिसेल. तो दाबाचा आकडा आहे, बारमध्ये. एक बार जादा दाब असला की साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास उकळतं. गरम इंजिनाची कॅप उघडली तर तो दाब एकदम सुटतो, आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती थेट तोंडावर येते. वरचा होज थंड आणि मऊ लागेपर्यंत कॅपला हात लावायचा नाही. इथे घाई करणारे लोक कायमचे भाजलेले आहेत, म्हणून हे दोनदा सांगतो: थंड आणि मऊ, मगच कॅप.

आता इंजिन बंद आणि पूर्ण गार आहे. होज मधोमध दाबा, मग क्लिपच्या जवळ दाबा. टोकाला रबर मधल्यापेक्षा मऊ, पोकळ लागलं तर तो पाइप आतून खराब झालाय. धातूची नळी, कूलंट आणि रबरातला कार्बन यांच्यात अगदी क्षीण विद्युतप्रवाह तयार होतो आणि रबराला आतल्या बाजूने बारीक उभ्या चिरा पडत जातात. बाहेरून पाइप काळाभोर, नवा वाटतो. नुसत्या नजरेने पाइप पास करणारी तपासणी म्हणूनच अपुरी. रबर फुगलेलं, चिकट लागलं तर त्यावर तेल गळतंय. हे रबर उष्णता छान सोसतं, तेल अजिबात सोसत नाही. अशा वेळी पाइप बदलण्याआधी तेलाची गळती शोधा. दाबताना पाइप कडकडला, तर उष्णतेने त्याचं आयुष्य संपलंय.

[दृश्य: इंजिन सुरू होतं. हात पंख्यापासून आणि बेल्टपासून दूर]

इंजिन सुरू करा. पहिली काही मिनिटं वरचा होज थंडच राहायला हवा आणि मग थोड्या वेळात चटकन तापायला हवा. तोच थर्मोस्टॅट उघडल्याचा क्षण. काटा वर चढतोय आणि होज मात्र गार, तर थर्मोस्टॅट अडकलाय, कूलंट कमी आहे, आत हवा अडकलीय किंवा पंप पाणी फिरवत नाही. होज सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेला, तर थर्मोस्टॅट उघडाच राहिलाय किंवा कुणीतरी काढून टाकलाय. काढून टाकण्याचा हा उपाय मला मुळीच पटत नाही. इंजिन नीट तापत नाही, इंधन जास्त जातं, झीज वाढते. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅटच बायपासची वाट बंद करतो. तो नसला की गरम कूलंटचा काही भाग रेडिएटरकडे न जाता तसाच फिरत राहतो.

गार इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच होज दगडासारखा टणक झाला, तर प्रकरण गंभीर आहे. इतक्या लवकर कूलंट तापत नाही. सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये शिरतोय, म्हणजे बहुधा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील, हेड गॅस्केट, गेलंय. खात्री करायला एक सोपी चाचणी आहे. रेडिएटरच्या तोंडातली हवा निळ्या द्रवातून ओढतात. तो पिवळा झाला की जळलेला गॅस आत आहे. असल्या गाडीत नवा होज घातला तरी तोही फुटणार.

याउलट, गाडी निवल्यावर वरचा होज चपटा झालेला दिसला तर कॅप तपासा. निवताना कूलंट आकसतं आणि बाजूच्या छोट्या टाकीतून परत ओढलं जायला हवं. कॅपमधली छोटी झडप चिकटली की आत पोकळी तयार होते.

खालच्या होजची गोष्ट वेगळी. तो पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. काही गाड्यांत तो मिटू नये म्हणून आत स्प्रिंग असते. ती गंजून गेली की वेग वाढल्यावर पाइप मिटतो आणि उभ्या गाडीत सगळं ठीक दिसतं. त्यामुळे गाडी नेमकी कधी तापते, हे आधी विचारा. गर्दीत, उभी असताना तापत असेल तर पंखा, त्याचा रिले (विजेचा स्विच) किंवा पंख्याला फिरवणारं व्हिस्कस कपलिंग बघा. वेगात, चढावर तापत असेल तर तुंबलेला रेडिएटर किंवा हा खालचा होज.

काट्यावर आंधळा विश्वास नको. कूलंट पूर्ण सांडलं की सेन्सर हवेत उघडा पडतो आणि काटा चक्क खाली येतो. वाफ दिसली आणि काटा उतरला, तर इंजिन ताबडतोब बंद करा.

[दृश्य: नवा होज बसवताना]

नवा पाइप मूळ वळणाचाच घ्या. सरळ पाइप वाकवला तर तो आतून दुमडतो. नळीवरचा गंज घासून काढा, क्लिप नळीच्या उंचवट्याच्या मागे बसवा आणि रबर कापलं जाईल इतकी आवळू नका. गाडीला कुठलं कूलंट चालतं ते पुस्तिकेत पाहा, कारण रंगावरून प्रकार ठरत नाही. पाणी डिस्टिल्ड वापरा, नाहीतर क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात. निम्मं पाणी, निम्मं एथिलीन ग्लायकॉल हे मिश्रण साधारण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. मात्र ते चवीला गोड आणि जनावरांना जीवघेणं असतं. जमिनीवर सांडलेलं लगेच पुसा, जुनं गटारात ओतू नका.

भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवा, हवा निघू द्या. दुसऱ्या दिवशी गार इंजिनावर पातळी बघा. पुन्हा खाली गेली असेल तर प्रेशर टेस्टर लावा, कॅपवरच्या आकड्याइतकाच दाब भरा आणि टॉर्च घेऊन शोधा: वॉटर पंपाखालचं छोटं भोक, हीटरचे होज, गाडीच्या आत पायाखालचा ओला गालिचा.