रविवारची शर्यत, आठवड्याची बातमी

मित्रहो,

१८ फेब्रुवारी २००१. फ्लोरिडातल्या डेटोना ५०० या मोटार शर्यतीच्या शेवटच्या फेरीत, शेवटच्या वळणांवर नामांकित चालक डेल अर्नहार्टची तीन नंबरची काळी गाडी भिंतीवर आदळली. पुढे त्याच्याच मालकीच्या संघातला मायकल वॉल्ट्रिप जिंकला आणि अर्नहार्टचा मुलगा डेल ज्युनिअर दुसरा आला. फॉक्स वाहिनीची ती पहिलीच डेटोना ५००. वाहिनीचं प्रक्षेपण आटोपलं तरी अर्नहार्टचा मृत्यू झाल्याचं जाहीर झालेलं नव्हतं. संध्याकाळी नॅसकारचे, म्हणजे या शर्यती भरवणाऱ्या अमेरिकी संघटनेचे, अध्यक्ष माइक हेल्टन यांनी पत्रकारांसमोर येऊन ते सांगितलं.

त्यानंतरच्या तारखा मुद्दाम काढून ठेवल्या आहेत. गाडीतला कमरेचा पट्टा तुटलेला सापडला, हे नॅसकारने जाहीर केलं त्या दिवशी शुक्रवार होता. अपघाताचा सविस्तर अहवाल २१ ऑगस्टला आला, तो मंगळवार. डोकं आणि मान धरून ठेवणारं संरक्षक साधन सगळ्या चालकांना सक्तीचं झालं १७ ऑक्टोबरला, बुधवारी. अर्नहार्टच्या अपघाताआधीच्या वर्षभरात अ‍ॅडम पेटी, केनी अर्विन आणि टोनी रोपर हे तिघे चालक अशाच अपघातांत गेले होते. म्हणजे या खेळाच्या इतिहासातली सगळ्यात मोठी बातमी सहा-आठ महिने चालली, आणि तिचे महत्त्वाचे टप्पे शर्यतीच्या दिवशी आलेच नाहीत. या खेळाला रोजच्या बातमीपत्राची गरज का होती, हे मला यात दिसतं.

थोडं मागे जाऊ. नॅसकारची स्थापना १९४८ची. पण डेटोना ५०० पहिल्या फेरीपासून शेवटपर्यंत थेट दाखवली गेली ती १९७९ साली, सीबीएस वाहिनीवर. पूर्वेकडे हिमवादळ होतं, लोक घरात अडकलेले. शेवटच्या फेरीत आघाडीच्या दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या, रिचर्ड पेटी जिंकला आणि आदळलेल्या चालकांची मैदानातच हाणामारी झाली. त्याच वर्षी ईएसपीएन ही खेळांची वाहिनी सुरू झाली. चोवीस तास भरायचे होते, मोठे खेळ परवडत नव्हते. १९८१ पासून त्यांनी नॅसकार दाखवायला घेतलं. वाहिनी आणि खेळ एकत्रच मोठे झाले.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला ईएसपीएनच्या दुसऱ्या वाहिनीवर ‘आरपीएम टुनाइट’ आलं. अर्ध्या तासाचं बातमीपत्र, फक्त मोटार शर्यतींचं. जॉन कर्नन हा त्याचा ओळखीचा चेहरा. नॅसकारबरोबर इंडीकार, ड्रॅग रेसिंग, फॉर्म्युला वन हेही असायचं. पण पोट भरायचं ते नॅसकारवरच. कोणता चालक संघ सोडतोय, कोणाचा प्रायोजक गेला, कोणत्या इंजिनावर आक्षेप आला, हे चाहत्याला शर्यतीच्या दिवसापर्यंत न थांबता कळायला लागलं.

मग पैशाचा प्रश्न आला. तोवर प्रत्येक ट्रॅकचा मालक प्रक्षेपणाचे हक्क स्वतंत्रपणे विकत असे. १९९९ मध्ये नॅसकारने सगळे हक्क एकत्र केले आणि फॉक्स, एनबीसी आणि टर्नर या वाहिन्यांना विकले. रक्कम सुमारे २.४ अब्ज डॉलर, सुरुवात २००१च्या हंगामापासून. ईएसपीएन बाहेर. आता त्या वर्षीच्या अपघाताकडे पुन्हा बघा. रोज बातमी देणारा जुना, जाणकार कार्यक्रम ज्या वाहिनीकडे होता, तिच्याकडे शर्यती उरल्या नव्हत्या. ‘आरपीएम टुनाइट’ २००३ पर्यंत तग धरून राहिलं आणि बंद पडलं. लोकांना बातमी नको होती म्हणून ते गेलं नाही, असं माझं ठाम मत आहे. ज्या शर्यती आपण दाखवत नाही, त्यांची रोज जाहिरात कशाला करायची, हा वाहिनीचा हिशेब होता.

याच हिशेबाने २००७ मध्ये चाक उलटं फिरलं. ईएसपीएनला हक्क परत मिळाले आणि ५ फेब्रुवारीला, पहिली शर्यत व्हायच्या आधीच, ‘नॅसकार नाऊ’ सुरू झालं. नशीब असं, की दहा दिवसांत मोठं प्रकरण हाती आलं. टोयोटा त्या वर्षी पहिल्यांदा मुख्य मालिकेत उतरत होती आणि मायकल वॉल्ट्रिपच्या टोयोटाच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या भागात) तपासनिसांना इंधनात मिसळायचा बंदी असलेला पदार्थ सापडला. त्याच्या क्रू चीफला, म्हणजे गाडीच्या तांत्रिक पथकाच्या प्रमुखाला, एक लाख डॉलर दंड झाला आणि वॉल्ट्रिपचे शंभर गुण कापले गेले. हंगामाची पहिली शर्यत धावण्याआधीच तो उणे गुणांवर! तपासनीस गाडीत नेमकं काय शोधतात, हे असल्या दिवशी सांगितलं तर प्रेक्षक कान देऊन ऐकतो. पुढे सोमवारी अ‍ॅलन बेस्टविक चर्चा घ्यायचे, जुने चालक आणि जाणकार वार्ताहर समोर बसायचे. तो सोमवार मला अजूनही या प्रकारातला सगळ्यात सकस कार्यक्रम वाटतो, कारण बेस्टविक प्रश्न विचारून गप्प बसायचे.

‘नॅसकार नाऊ’चा स्टुडिओ मात्र कनेक्टिकटमध्ये होता, आणि या खेळाचं घर आहे उत्तर कॅरोलिनात. शार्लट, कॉनकॉर्ड, मूर्सव्हिल, हंटर्सव्हिल या पट्ट्यात बहुतेक संघांच्या कार्यशाळा आहेत. ५ ऑक्टोबर २००९ला स्पीड वाहिनीने ‘रेस हब’ सुरू केलं ते शार्लटमधून. चालक जेवणाच्या सुट्टीत स्टुडिओत येऊन बसू शकत होता. क्रू चीफ राहिलेले लॅरी मॅकरेनल्ड्स गाडीतली गोष्ट हाताने दाखवून समजावत.

‘रेडिओअ‍ॅक्टिव्ह’ नावाचा एक भाग मला फार आवडायचा. नॅसकारमध्ये चालक आणि संघ यांच्यातलं रेडिओवरचं बोलणं स्कॅनर असलेला कोणीही ऐकू शकतो. शर्यतीनंतर त्याचे तुकडे जोडून ते दाखवत. चालक ओरडतोय, गाडी वळतच नाही, नाक भिंतीकडे जातंय. शिव्यांच्या जागी बीप. क्रू चीफ शांतपणे म्हणतो, पुढच्या पिटस्टॉपला (गाडी चाकं बदलायला थांबते तेव्हा) थोडं वेज, म्हणजे स्प्रिंगवरचा दाब, काढू. मग मागच्या काचेतल्या भोकातून लांब पाना घालून एक माणूस तो दाब बदलतो, तेवढ्यात चार चाकंही बदलून होतात. रविवारी हे सगळं आपल्या डोळ्यांसमोर घडलेलं असतं, पण दिसलेलं नसतं. दोन दिवसांनी ते दिसायचं.

‘रेस हब’च्या पहिल्या सूत्रसंचालकांत स्टीव्ह बर्न्स होते. पुढे त्यांना कर्करोग झाला. १९ एप्रिल २०१५ रोजी टेनेसीतल्या ब्रिस्टल इथल्या शर्यतीच्या नावातच त्यांचं नाव घातलं गेलं, आणि दोन दिवसांनी ते गेले. बातमी सांगणाऱ्या माणसाचं नाव शर्यतीला द्यावं, इतकी माया खेळाने पत्रकारावर केल्याचं उदाहरण मला दुसरं चटकन आठवत नाही. त्यात धोकाही आहे, तो तुम्हा विद्यार्थ्यांच्या लक्षात आला असेल. रोज घरात येणारा वार्ताहर घरचाच होतो.

२०१४ हे वर्ष भरतीचं. फेब्रुवारीत एनबीसीच्या क्रीडावाहिनीवर ‘नॅसकार अमेरिका’ आलं, ‘नॅसकार नाऊ’ चालूच होतं, ‘रेस हब’ फॉक्सच्या नव्या वाहिनीवर स्थिरावलं होतं. एकाच खेळाची तीन बातमीपत्रं! वर्ष संपताना ईएसपीएनचे हक्क संपले आणि ‘नॅसकार नाऊ’ गेलं. २०२१ अखेर एनबीसीची ती क्रीडावाहिनीच बंद झाली. ‘रेस हब’ २०२४ मध्ये थांबलं, तेही फॉक्सकडे शर्यती असताना. केबल घेणारेच कमी होत चालले होते.

याच काळात खेळाचा आठवडाही बदलला, आणि याची चर्चा फार कमी होते. पूर्वी शर्यतीनंतर काही गाड्या कॉनकॉर्डच्या संशोधन केंद्रात नेऊन उघडत, शिक्षा आठवड्याच्या मध्याला जाहीर होत. २०१९ पासून तपासणी ट्रॅकवरच, त्याच दिवशी व्हायला लागली. जुलै २०२२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनोच्या शर्यतीत डेनी हॅमलिन पहिला आणि काइल बुश दुसरा आला. दोघेही त्याच संध्याकाळी बाद झाले आणि एकही फेरी आघाडीवर नसलेला चेस इलियट विजेता ठरला. चाहत्याच्या दृष्टीने हे योग्यच झालं. पण बुधवारच्या वार्ताहराचं हक्काचं काम गेलं.

आता चर्चा पॉडकास्टवर चालते. डेल ज्युनिअरचं पॉडकास्ट आहे, हॅमलिनचंही आहे, आणि दोन्ही ऐकण्यासारखी आहेत. हॅमलिन चालक आहे, मायकल जॉर्डनबरोबर एका संघाचा मालकही आहे. त्या संघाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मक्तेदारीच्या आरोपावरून नॅसकारवरच खटला भरला. तेव्हा ‘रेस हब’ बंद झालेलं होतं. डिसेंबर २०२५ मध्ये खटला तडजोडीने मिटला. तोवर हॅमलिन स्वतःच्या कार्यक्रमात आपली बाजू मांडू शकत होता, नॅसकार आपल्या माध्यमांतून आपली, पण दोघांनाही सलग पाच दिवस तेच प्रश्न विचारणारं टीव्हीवरचं ते टेबल उरलं नव्हतं. क्रीडापत्रकारितेत येणाऱ्या तुमच्यापैकी कोणी त्या पाच दिवसांचं काम करायला तयार असेल, तर व्याख्यानानंतर मला जरूर भेटा.