पोर्तुगालचा इव्हा आणि आपला जीएसटी: कोणाच्या तिजोरीत जास्त पैसा?

नमस्कार मंडळी! पणजीहून बोलतोय.

गोव्यात जवळपास प्रत्येक वाड्यावरचं कोणी ना कोणी पोर्तुगालला असतं. ते सुट्टीवर आले की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘तिथे 23 टक्के कर भरतो आम्ही!’ तिथल्या त्या कराचं नाव इव्हा. 1986 पासून आहे. आपला जीएसटी आला 1 जुलै 2017 ला. मग खरेदीवरच्या करातून जास्त कमावतं कोण?

नुसती रक्कम बघितली तर भारत. 2024-25 मध्ये जीएसटीची एकूण वसुली 22.08 लाख कोटी. पोर्तुगालचा वर्षाचा इव्हा रुपयांत मोजला तर दोन लाख कोटींहून थोडा अधिक. म्हणजे आपण दहापट. पण लोकसंख्या? ते एक कोटीच्या थोडे वर, आपण 140 कोटींच्या वर. ही तुलना इथेच सोडून द्या. देशाच्या उत्पन्नातला किती हिस्सा करात जातो, ते विचारा.

इथे एक गोम आहे, आणि बातम्यांत ती नेहमी सुटते. 22 लाख कोटी ही ढोबळ रक्कम. निर्यातदार वगैरेंना परतावे दिल्यावर उरतात 19.56 लाख कोटी. जीडीपी सुमारे 330 लाख कोटी, म्हणजे साधारण 6 टक्के. पोर्तुगालचा आकडा परतावे वजा करूनच येतो, आणि तो जीडीपीच्या 9 टक्क्यांच्या आसपास आहे.

पण थांबा, हिशेब अजून अर्धाच झालाय. हे बिल बघा.

(बिल कॅमेऱ्याजवळ धरून)

तळलेली इसवण, शीत-कडी, दोन बिअर. जेवणावर सीजीएसटी अडीच टक्के, एसजीएसटी अडीच टक्के. आता बिअरची ओळ बघा. तिथे जीएसटी नाही! दारू जीएसटीच्या बाहेर, तिच्यावर राज्याचा व्हॅट. तुम्ही स्कूटरवरून जेवायला गेला असाल, तर टाकीतल्या पेट्रोलवरही जीएसटी नाही, तिथेही व्हॅट. हेच जेवण लिस्बनमध्ये घ्या. जेवणावर 13 टक्के, बिअरवर 23, पेट्रोलवरही 23. सगळा इव्हाच.

म्हणून आपल्या 6 टक्क्यांत राज्यांचा इंधनावरचा व्हॅट मिळवायलाच हवा. तो देशभरात वर्षाला जवळपास 3 लाख कोटी, म्हणजे आणखी सुमारे एक टक्का. वर दारूवरचा व्हॅट. अबकारी मात्र मिळवू नका, कारण पोर्तुगालही इंधन आणि दारूवर अबकारी वेगळी घेतो. तरी आपण 7 च्या थोडे पुढे, ते 9 वर.

हा फरक कुठून येतो? दर हे एक कारण झालं. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते ताट. म्हापशाच्या बाजारातल्या ताज्या बांगड्यावर आपल्याकडे कर शून्य, पोर्तुगालमध्ये ताज्या मासळीवर 6 टक्के. महागाई भडकली तेव्हा त्यांनी एप्रिल 2023 पासून 46 खाद्यवस्तूंवरचा इव्हा काही महिने शून्यावर आणला, आणि जानेवारी 2024 मध्ये परत लावला. गरिबाच्या कमाईचा मोठा भाग जेवणावरच जातो. आपण तिथला कर सोडतो, म्हणून आपली तिजोरी थोडी हलकी. मला हे पटतं.

पोर्तुगालची एक गोष्ट मात्र खरंच घ्यावी: पक्कं बिल. तिथे हॉटेल, सलून, गॅरेजमध्ये ग्राहक बिलावर आपला कर क्रमांक घालून घेतो आणि त्यातल्या इव्हाचा 15 टक्के भाग, वर्षाला 250 युरोंपर्यंत, प्राप्तिकरातून वजा होतो. वर बिलांची सोडतही काढतात. भारतानेही सप्टेंबर 2023 मध्ये ‘मेरा बिल मेरा अधिकार’ ही सोडत प्रायोगिक तत्त्वावर सुरू केली. आसाम, गुजरात, हरियाणा, पुदुच्चेरी आणि दमण-दीवकडचा केंद्रशासित प्रदेश. 1987 पर्यंत आपल्यासोबत एकाच कारभारात असलेल्या दमण-दीवला ती मिळाली, गोव्याला नाही.

गोव्यात अशी योजना का नको, हे तुमच्या आमदारांना जरूर विचारा. ते काय म्हणाले ते खाली कॉमेंटमध्ये लिहा, मी सगळं वाचणार आहे.