राउटरचा पंखा घरघरतोय? आधी ती खोबरेल तेलाची बाटली खाली ठेवा

नमस्कार मंडळी. मागचा व्हिडिओ होता इन्व्हर्टरच्या बॅटरीवर, आणि खाली कमेंट कशाच्या? राउटरच्या. "ताई, राउटर घरघर करतो." "ताई, रात्री राउटरमधून मांजर गुरगुरल्यासारखा आवाज येतो." ही मी आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, आधी मांजर कुठंय ते बघायला सांग.

तर आज राउटरचा पंखा. सोप्या गोष्टी पटापट उरकते.

पहिलं म्हणजे, तुमच्या राउटरला पंखा आहे का? हसू नका. आपल्याकडे इंटरनेटवाला जो पांढरा डबा भिंतीवर ठोकून जातो, त्यात बहुतेक वेळा पंखा नसतोच. पंखा असतो काही दणकट राउटरमध्ये. उदाहरणार्थ लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी १९००एसी, २०१४ सालचा, त्याच्या पहिल्या आवृत्तीत छोटा पंखा होता. नाहीतर तुमच्यासारखे हौशी लोक, ज्यांनी उन्हाळ्यात राउटर तापतो म्हणून खाली यूएसबीचा पंखा लावलाय. पंखा नाही आणि तरी बारीक "चिंSSई" ऐकू येतंय? तो आतल्या कॉइलचा किंवा अडॅप्टरचा आवाज. तिथे तेल ओतून उपयोग नाही. तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढाच किंवा जास्त अँपिअरचा दुसरा चांगला अडॅप्टर लावून बघा.

दुसरं, राउटर लोखंडी कपाटावर ठेवलाय का? खाली उतरवा. कपाटाचा पत्रा म्हणजे ढोलकीचं पान, वर पंखा कुजबुजला तरी खाली ताशा वाजतो. शिवाय पत्र्यामुळे सिग्नलची वाट लागते ती वेगळीच. निम्म्या लोकांचा व्हिडिओ इथेच संपला, या तुम्ही.

उरलेल्यांनी उदबत्तीची काडी घ्या. जळालेली, नुसती बांबूची. (हातात काडी दाखवते.) पंखा चालू असताना मधल्या गोल टोपीवर काडीचं टोक हलकेच टेकवायचं, दोन सेकंद. पात्यांत घालायची नाही, पातं तुटतं. पंखा थांबला आणि आवाज थांबला, तर चोर सापडला. आवाज "टर्र टर्र" असा ठेक्यात येत असेल तर पात्याला काहीतरी लागतंय. वायर असेल, किंवा झुरळाचा पंख. राउटर उबदार असतो, झुरळांना तो बंगला वाटतो. एकसारखी घरघर असेल, विशेषतः सुरू करताना जास्त, तर बेअरिंग, म्हणजे पंख्याचा आस ज्यात फिरतो तो भाग, कोरडं पडलंय.

धूळ काढताना प्लग काढा आणि ब्लोअर मारण्याआधी तीच काडी घालून पंखा अडवा. हवेने गरागरा फिरवला की बेअरिंगची वाट लागते, आणि फिरणारी मोटर उलटी वीजही तयार करते. राउटर स्वयंपाकघराच्या भिंतीला असेल तर फोडणीच्या वाफेने धूळ चिकट झालेली असते, ती फुंकून जात नाही. जुना टूथब्रश घ्या.

आता तेल. इथे मी जरा चिडणार आहे.

दर दुसरी कमेंट, "ताई, खोबरेल चालेल का?" नाही चालणार! आमच्या बाबांनी नाशिकला हेच केलं. पंधरा दिवस पंखा एकदम गप्प, बाबा खूश, मला फोन करून टोमणा मारला की तुझ्या व्हिडिओची गरज नाही. मग जानेवारी आला. रोज सकाळी इंटरनेट बंद, दुपारी आपोआप चालू. इंटरनेटवाला तीनदा येऊन गेला. तो यायचा दुपारी, तेव्हा सगळं ठीक. मी गेले, सकाळी सहाला झाकण उघडलं, तर पंखा जागेवर थिजलेला, म्हणून राउटर तापून बंद. साधारण २४ अंशांच्या खाली खोबरेल घट्ट होतं. बाथरूममधली बाटली गरम पाण्यात ठेवता ना थंडीत? बेअरिंगला कोण गरम पाण्यात ठेवणार?

दुसरी कमेंट, "मग गंज काढायचा स्प्रे मारू?" तो स्प्रे म्हणजे डब्ल्यूडी-४०. नावातलं डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणं, आणि ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नात जमलं. १९५३ ची गोष्ट. बिजागरीला छान आहे. पण एवढ्याशा बेअरिंगमध्ये ते उरलंसुरलं तेल धुऊन काढतं आणि स्वतः उडून जातं. मी स्वतः मारलाय, म्हणून सांगते. दोन दिवस शांतता, तिसऱ्या दिवशी पिठाची गिरणी.

आणि तिसरे, योग्य तेल आणून अर्धी बाटली ओतणारे. शिलाई मशीनचं तेल, एक थेंब. एक! नीट बघा. (कॅमेरा जवळ.) पंखा उलटा केला, मागचं गोल स्टिकर नखाने अर्धंच उचललं. खाली बारीक रबरी बूच असेल तर ते काढा. हे दिसतंय ते आसाचं टोक. सुईच्या टोकावर तेल घेऊन इथे टेकवलं. पातं हाताने दहा वेळा फिरवा, जास्तीचं कापसाने टिपा. स्टिकरखाली तेल राहिलं तर ते परत चिकटत नाही, सुटून पात्यात जातं, आणि तुम्ही मला लिहिता "ताई, आता टर्र टर्र येतंय."

तेल घालूनही घरघर राहिली तर बेअरिंग झिजलंय, पंखा बदला. पट्टीने मोजा, बरेचसे ४० मिलिमीटरचे असतात, जाडी १० किंवा २०. पण स्टिकरवरचे व्होल्ट वाचल्याशिवाय दुकानात जाऊ नका. यूएसबीचे ५ व्होल्ट १२ च्या पंख्याला दिले तर तो रेंगाळतो किंवा उठतच नाही. उलटं केलं, म्हणजे ५ च्या पंख्याला १२ व्होल्ट दिले, तर तो विमानासारखा किंचाळतो आणि जळतो.

हा बघा, आपला लावते परत. (प्लग लावते, थांबते.) येतोय काही आवाज? तो मिक्सरचा आहे, शेजारी चटणी चाललीय. राउटर गप्प आहे.