दाराआडचा उन्हाळा

(पडद्यावर: अर्धवट ओढलेला पडदा, फटीतून आलेली उन्हाची पट्टी.)

दुपारचे तीन वाजलेत. खिडकी बंद आहे. उघडली की झळ आत येते, आणि एकटं राहणाऱ्याला उघड्या खिडकीची धास्तीही वाटते. पंखा आतली गरम हवाच इकडची तिकडे करतोय. टेबलावर पाण्याचा पेला आहे, सकाळी भरला होता तेवढाच भरलेला. शेजारी गोळ्यांची डबी. कालच्या खणातली गोळी अजून तशीच पडलीय.

असं घर कुठल्याही शहरात सापडेल.

पूर आला, वादळ आलं की छपरं उडतात, झाडं पडतात, कॅमेरे धावतात. आमचाही धावतो. उन्हाच्या लाटेत मात्र टिपण्यासारखं काही नसतं. तापलेला डांबरी रस्ता दाखवायचा, घाम पुसणारा माणूस दाखवायचा, संपलं. माणसं दगावतात ती घरात.

म्हातारपणी तहान कमी लागते, घामही कमी येतो. अंग निववायचं तर रक्त त्वचेकडे जास्त ढकलावं लागतं, आणि ते ओझं आधीच थकलेल्या हृदयावर येतं. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर शरीरातलं पाणी आणखी घटतं. दिवसभर तापलेल्या भिंती रात्रभर धग सोडत राहतात, त्यामुळे झोपेतही शरीराला उसंत नाही. उष्माघातात शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर जातं आणि माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो. नेमकी मदत मागायची वेळ येते, तेव्हा ती मागायचं भान उरत नाही. ते दुसऱ्या कुणीतरी ओळखायचं असतं. दुसरं कुणी घरात असेल तर.

(पडद्यावर: जुनी छायाचित्रं. शिकागो.)

१३ जुलै १९९५. शिकागोत पारा ४१ अंशांवर गेला. पुढच्या काही दिवसांत शवागारात जागा उरली नाही, बाहेर शीतकरणाचे ट्रक उभे करावे लागले. आठवड्याभरात नेहमीपेक्षा ७३९ माणसं जास्त दगावली.

नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल या तिथल्या दोन वस्त्या, एकमेकींना लागून. दोन्ही गरीब, एकटे राहणारे म्हातारे दोन्हीकडे जवळपास सारखेच. ऊन तर तेच. पण नॉर्थ लॉनडेलमध्ये लाखामागे ४० जण गेले आणि साउथ लॉनडेलमध्ये ४.

इथे ‘त्यांच्यात नाती घट्ट असतील’ असं म्हणून मोकळं व्हायचा मोह होतो. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिनेनबर्ग यांनी दोन्ही वस्त्या पायाखाली घातल्या. त्यांना फरक दिसला तो रस्त्यात. एकीकडे कारखाने बंद पडलेले, दुकानं उठलेली, मोकळे पडीक प्लॉट. बाहेर पडायचीच भीती. दुसरीकडे दुकानं उघडी, फुटपाथवर वर्दळ. म्हातारी माणसं रोज काही ना काही आणायला बाहेर पडत, दुकानातल्या गारव्यात घटकाभर टेकत. एखादा दिवस कुणी दिसलं नाही, तर ते लक्षात येत होतं.

आणखी एक. एकटं राहण्यात वृद्ध बायकांची संख्या मोठी. तरीही ज्यांचे देह न्यायला कुणी आलं नाही, त्यांत पुरुषच जास्त निघाले. नोकरी सुटली की ओळखीही सुटतात, हे पुरुषांच्या बाबतीत जास्त खरं असावं.

(पडद्यावर: पॅरिस. बंद खिडक्यांची रांग.)

ऑगस्ट २००३. फ्रान्समध्ये सुट्ट्यांचा महिना. मुलं गावाला गेलेली, शेजारी गेलेले, कित्येक डॉक्टरसुद्धा. त्या लाटेत तिथे सुमारे १५ हजार माणसं मेली, बहुतेक वृद्ध. ३ सप्टेंबरला पॅरिसजवळच्या तिए इथल्या दफनभूमीत ५७ जणांना निरोप देण्यात आला. त्यांच्यावर हक्क सांगायला कुणीही आलं नव्हतं. राष्ट्राध्यक्ष जाक शिराक मात्र हजर होते.

पुढच्याच वर्षी तिथे कायदा झाला. नगरपालिकेनं एकट्यादुकट्या वृद्धांची यादी ठेवायची आणि लाटेचा इशारा आला की त्यांची विचारपूस करायची. व्यवस्था चांगलीच आहे. पण यादीत नाव द्यायचं ते स्वतः, नाहीतर ओळखीच्या कुणीतरी. ज्याला कुणीच नाही आणि जो स्वतःहून सांगणारा नाही, तो यादीबाहेरच राहतो.

२०२१ च्या जूनअखेरीस कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात उष्णतेनं ६१९ बळी घेतले. त्यातले ९८ टक्के घराच्या आत. निम्म्याहून अधिक जण एकटे राहणारे.

(पडद्यावर: पुन्हा ती खोली. तोच पेला.)

दारावर थाप पडते. लगेच उत्तर येत नाही. गुडघे धरलेले असले की खुर्चीतून उठायलाच दोन मिनिटं जातात. बाहेरचा माणूस थांबतो, पुन्हा थाप मारतो, नावानं हाक देतो.

(आवाज: आतून खुर्ची सरकते.)