बाबागाडी: ढकलायची किती, उचलायची किती

नमस्कार श्रोतेहो.

बाबागाडी घ्यायला गेलेलं जोडपं दुकानात काय करतं? गाडी पुढे ढकलतं, मागे ओढतं, एका हाताने वळवून बघतं. फरशी गुळगुळीत, गाडीत मूल नाही, खाली सामान नाही. अशा फरशीवर कुठलीही गाडी छानच चालते. मग रंग ठरतो, पैसे दिले जातात आणि घरच्या पहिल्या जिन्यापाशी लक्षात येतं की ढकलायची म्हणून आणलेली ही वस्तू आपल्याला उचलायचीही आहे.

गोव्यात तर उचलायचे प्रसंग पावलोपावली. जुनी घरं चिऱ्यांच्या उंच जोत्यावर. अंगणातून बाल्कांवात, म्हणजे पुढच्या ओसरीत, चढायला चार-पाच पायऱ्या, वर गेलात की उंबरठा. पणजी-मडगावच्या जुन्या इमारतींना लिफ्ट नाही, आणि फ्लॅट नेमका तिसऱ्या मजल्यावर. पणजीत मळा भागातल्या मारुतीला जा, आल्तिनोच्या टेकडीवरच्या नातेवाइकांकडे जा, पायऱ्या आल्याच. पदपथ आहे म्हणावं तर त्याची कड वीतभर उंच आणि वर स्कूटर लावलेली. कदंबच्या सरकारी बसची पायरी उंच, रेल्वेच्या डब्याची त्याहून उंच. थिवीसारख्या स्थानकावर गाडी दोनेक मिनिटं थांबते. तेवढ्यात सासूबाई चढायच्या, बॅगा चढायच्या, मूल चढायचं आणि बाबागाडीही.

जरा हिशेब करा. वर्षाचं मूल साधारण नऊ-दहा किलोचं. लंगोट, दूध, पाणी, बदलायचे कपडे मिळून पिशवी तीन किलोची. जाडजूड, मोठ्या चाकांची बाबागाडी बारा-तेरा किलोपर्यंत जाते, म्हणजे घरातल्या रिकाम्या गॅस सिलिंडरहून थोडीच हलकी. सगळं मिळून पंचवीस किलो झाले. हलकी म्हणतात ती गाडी सहा-सात किलोची असते, छत्रीसारख्या मिटणाऱ्या काही तर त्याहून हलक्या. मूल एका कडेवर असताना दुसऱ्या हाताने सहा किलो उचलता येतात. बारा उचलता येत नाहीत, कुणाला तरी हाक मारावी लागते. घरातली बाई एकटी बाहेर पडू शकते की नाही, हे कित्येकदा या पाच-सहा किलोंवरच ठरतं. म्हणून माझं म्हणणं असं की गोव्यात बाबागाडी निवडताना आधी ती उचलून बघा, ढकलायचं नंतर.

हलक्या गाडीचा जन्मही याच अडचणीतून झाला. बाबागाड्या तशा जुन्या. इंग्लंडात १७३३ साली विल्यम केंट याने एका ड्यूकच्या मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची गाडी केली होती, तिला बकरी जुंपायची. पुढे दोनशे वर्षं गाड्या भक्कम आणि अवजडच राहिल्या. १९६५ साली ओवेन मॅक्लारेन नावाच्या इंग्रज गृहस्थांची मुलगी नातीला घेऊन माहेरी आली आणि तिची बाबागाडी हाताळताना होणारे हाल आजोबांनी पाहिले. हे आजोबा विमानांचे अभियंते होते. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाची चाकं उड्डाणानंतर मिटून पंखांत जातात, त्या रचनेवर त्यांनी काम केलेलं होतं. कमी वजनाच्या नळ्या कशा जोडायच्या आणि कशा मिटवायच्या, हे ज्याला ठाऊक त्याच्याच घरी ही अडचण आली. त्यांनी ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, मिटणारी, जेमतेम पावणेतीन किलोची गाडी केली. आज दुकानात दिसणाऱ्या सगळ्या हलक्या गाड्या तिच्या वंशातल्या.

आता हलकेपणाची किंमत. ती सगळ्यात आधी मोजतं ते तान्हं बाळ. स्वस्त, छत्रीसारख्या मिटणाऱ्या गाडीत बहुधा कापडाची झोळी असते आणि पाठ फारशी मागे जात नाही. ज्या बाळाने अजून मान धरलेली नाही त्याला तीत बसवलं की डोकं पुढे पडतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. बाळ रडत नाही, शांत झोपल्यासारखं दिसतं, धोका आहे तो तिथेच. बाबागाड्यांसाठी युरोपात ईएन १८८८ नावाचं मानक आहे. त्यानुसार सहा महिन्यांखालच्या बाळासाठी पाठ आणि बैठक यांच्यातला कोन निदान १५० अंशांचा हवा, म्हणजे बाळ जवळजवळ आडवंच. दुकानदार ‘जन्मापासून चालते’ म्हणाला तर त्याला पाठ पूर्ण मागे करून दाखवायला सांगा आणि माहितीपत्रकात वय काय लिहिलंय तेही वाचा.

माझं स्वतःचं मत थोडं वेगळं आहे. आपल्याकडे पहिले पाच-सहा महिने बाळ घराबाहेर जातं किती? डॉक्टरांकडे, लसीला, बारशाला आजोळी. घरात आजी असते, आत्या असते, शेजारीण असते. बाळ खाली ठेवायचं कुणाच्या मनातच येत नाही. अशा घरात पहिल्या दिवसापासून गाडी नसली तरी काही बिघडत नाही. बाळ आधाराने नीट बसायला लागलं की हलकी गाडी घ्यावी, मग निवडायला वावही बराच मिळतो. आजी नाही, नवरा बोटीवर, आई एकटीच आणि बाजारहाट तिलाच करायचा, अशीही घरं गोव्यात पुष्कळ आहेत. त्यांनी मात्र पाठ आडवी होणारी गाडी पहिल्यापासून घ्यावी, किलोभर वजन जास्त गेलं तरी चालेल.

दुकानात परीक्षा कशी घ्यायची? मूल बरोबर न्या, ते कडेवर घ्या आणि एका हाताने गाडी मिटून दाखवा. तुम्ही, विक्रेत्याने नव्हे. त्याचा हात दिवसभर तेच करतो. मिटलेली गाडी आपोआप कुलूपबंद होते का, आणि भिंतीचा आधार न घेता उभी राहते का? उभी राहिली नाही तर जुलैत फेरी धक्क्यावरच्या चिखलात बाळाची बैठक टेकवावी लागेल. मग ब्रेक लावून बघा, तेही पायात रोजची चप्पल घालून. काही गाड्यांचा ब्रेक काढायला खटका पायाच्या बोटांनी वर उचलावा लागतो. बूट घालणाऱ्या देशांत त्याचं कुणाला काही वाटत नसेल, आपली बोटं मात्र सोलून निघतात. खाली दाबूनच लागतो आणि दाबूनच सुटतो असा खटका मिळाला तर तो घ्या. दांडा कुणाच्या उंचीचा आहे तेही बघा. गाडी पसंत करतो बाप, आणि रोज संध्याकाळी ती नेते आजी.

पट्टा पाच ठिकाणी धरणारा हवा: दोन खांद्यांवर, दोन कमरेला, एक पायांच्या मधून. नुसता कमरेचा पट्टा असेल तर मूल खाली सरकतं नाहीतर उभं राहतं. यात तडजोड नको, गाडी कितीही हलकी आणि कितीही सुंदर असो.

डिकीचं मापही घेऊन जा. छोटी कार असेल आणि डिकीत सीएनजीची टाकी बसवली असेल तर तिथे काय मावणार हे तुम्हीच जाणता. आणि आपली बरीचशी कुटुंबं स्कूटरवर फिरतात. पायाशी उभी राहील एवढी छोटी मिटणारी गाडी मिळते म्हणून मोह होतो. पण स्कूटरवर मूल, मूल धरणारी आई आणि पायात अडकणारी बाबागाडी असा प्रवास करू नये, एवढंच सांगते.

चाकांचं गणित सोपं आहे. हलकी गाडी म्हणजे लहान चाकं, आणि लहान चाक खड्ड्यात बसतं, गटाराच्या जाळीत अडकतं, वाळूत तर रुततंच. मिरामारच्या पदपथावर ती मजेत चालेल, खाली पुळणीवर अजिबात नाही. पुळणीवर मूल कडेवर घ्यावं आणि गाडी मिटून हातात. पेव्हर बसवलेल्या रस्त्यावर पुढची फिरती चाकं थरथरतात, ती सरळ अडकवून ठेवायची सोय आहे का बघा. मंगेशीला रस्त्यापासून देवळापर्यंतच्या वाटेवर गाडीचा चांगला उपयोग होतो. पुढे चपलांपाशी ती मिटून ठेवायची. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मात्र कुणी नेऊ नये. तिथे गाडीतल्या मुलाच्या तोंडाच्या उंचीवर लोकांच्या पिशव्या, छत्र्या आणि मिरच्यांची पोती येतात.

बाजारावरून आठवलं. दांड्याला पिशव्या लटकवायची सवय सगळ्यांना असते. मूल बसलेलं असेपर्यंत तोल राहतो, कारण त्याचं वजन चाकांच्या मधे असतं आणि पिशवीचं मागच्या चाकांच्याही मागे. मूल उचललं की गाडी मागे कलंडते. त्याहून वाईट म्हणजे मूल आतच असताना मागे रेललं तरीही कलंडते. गाडी जितकी हलकी तितकी थोड्या वजनाने. नारळ, कांदे खालच्या टोपलीत ठेवा, आणि टोपली किती किलोची आहे ते त्याआधी वाचा.

फेरीबोटीचं एक सांगायला हवं. बेतीला, चोडणला, दिवाडीला जाताना धक्क्याचा उतार शेवाळलेला असतो आणि मागून दुचाकी येत असतात. बोटीत गाडीचा ब्रेक लावून मूल पट्ट्यात बांधून ठेवणारे पालक मी पाहते. मी तसं करणार नाही. पाण्यावर मूल आपल्या हातात असावं.

आता ऊन. गाडीतलं मूल झोपलं की आपल्याकडे लगेच ओढणी पांघरली जाते; ऊन लागू नये म्हणून, धूळ बसू नये म्हणून, आणि दृष्ट लागू नये म्हणूनही. कापडाने तोंड बंद झालं की आतली हवा कोंडते आणि थोड्याच वेळात आत बाहेरच्याहून जास्त तापतं. गोव्याच्या दमट उन्हात तर विचारूच नका. छत मोठं आणि खाली ओढता येणारं असावं, पाठीमागे जाळी असावी. दृष्टीसाठी तीट आहेच. पावसाचं प्लॅस्टिकचं आवरण फक्त पावसात. आडोशाला आलात की आधी ते काढायचं.

आपल्याकडे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेव्हा कापड सुटं करून धुता येतं का, हा प्रश्न रंगाच्या आधी विचारा. ओली गाडी मिटून कोपऱ्यात ठेवली की चार दिवसांत बुरशी. ॲल्युमिनियमला गंज चढत नाही, पण रिबिटी, स्प्रिंगा आणि चाकांचे आस लोखंडी असतील तर खाऱ्या वाऱ्याने ते धरतात. किनाऱ्यावरून आल्यावर गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसून कोरडी करा. चाकांना खोबरेल लावू नका, त्याला वाळू चिकटते.

चुलतभावाने वापरलेली गाडी घ्यावी का? जरूर घ्या. मुलं गाडी झिजवत नाहीत, मोठीच होतात. फक्त मिटायचे सांधे नीट तपासा. २००९ साली अमेरिकेत मॅक्लारेनच्याच सुमारे दहा लाख गाड्यांची दुरुस्ती करावी लागली होती, कारण गाडी उघडताना बिजागरीत मुलांची बोटं सापडत होती. बोटाचं टोक तुटल्याच्या बारा तक्रारी होत्या. कंपनीने बिजागरीवर घालायची आवरणं दिली. तेव्हा गाडी नवी असो की जुनी, उघडताना आणि मिटताना मूल दोन हात लांब असावं.

विमानाने जाणार असाल, मोपाहून किंवा दाबोळीहून, तर विमानकंपनीला आधी विचारा. केबिनमध्ये मावते असं खोक्यावर छापलेलं असलं तरी आत नेऊ द्यायचं की नाही, ते ठरवणार ते लोक.

राहिलं दुसरं बाळ. थोरलं अडीच-तीन वर्षांचं, धाकटं पोटात, आणि घरात चर्चा जुळ्यांच्या गाडीची. थांबा जरा. शेजारी-शेजारी बसायची दुहेरी गाडी साधारण ७५ सेंटिमीटर रुंद असते. मोठ्या दारातून जाईल, पण अरुंद दारात, जुन्या लिफ्टमध्ये आणि औषधाच्या दुकानात अडकेल. एकामागे एक बसायची गाडी अरुंद असते, पण लांब आणि जड. वळवताना मनगट दुखतं. तीन वर्षांचं मूल चालतंच, दमल्यावर तेवढं बसायला मागतं. त्याच्यासाठी मागे उभं राहायचा चाकांचा बोर्ड मिळतो. पण सगळ्या हलक्या गाड्यांना तो चालत नाही, सांगाडा वाकतो. माहितीपत्रकात परवानगी आहे का बघा. मुलांत दीड वर्षाचंच अंतर असेल तर दुहेरी गाडीचा विचार योग्य. आणि खरोखर जुळी असतील, पण बाहेर जाताना बहुधा दोन मोठी माणसं असतील, तर मी दोन हलक्या एकेरी गाड्या घेईन. आजी एक घेईल, आई एक, जिन्यावर दोन फेऱ्या होतील आणि पुढे एक गाडी भाच्याला देता येईल.

तेव्हा दुकानात जाताना लिफ्टच्या दाराचं माप लिहून न्या, आणि थोरल्याला बरोबर न्यायला विसरू नका. बोर्डावर उभं त्यालाच राहायचंय.

नमस्कार.