चौथी पिढी आणि बंद दार

राष्ट्राचंही बालपण, तारुण्य, म्हातारपण असतं असं आपण सहज बोलून जातो. मला ही उपमा पटत नाही. माणसाचं शरीर थकतं हे खरं, पण देशात तर रोज नवी मुलं जन्मतात. मग म्हातारं होतं ते नेमकं काय?

इब्न खल्दूनने याचं उत्तर शोधलं. 1332 साली ट्यूनिसमध्ये जन्मलेला हा माणूस नुसता पुस्तकी पंडित नव्हता. दरबाराची चाकरी, कारस्थानं, तुरुंग, सगळं भोगून तो आजच्या अल्जीरियातल्या एका गढीत जाऊन बसला आणि 1377 मध्ये त्याने आपल्या इतिहासाची प्रस्तावना लिहिली. त्याचा आवडता शब्द 'असबिया', म्हणजे एकमेकांसाठी उभं राहण्याची ओढ. मराठीत 'भाऊबंदकी' हा शब्द शोभला असता, पण त्याचा अर्थ आपण भांडण करून ठेवलाय!

वाळवंटातल्या टोळीला असबियाशिवाय जगताच येत नाही. तिच्याच जोरावर टोळी शहर जिंकते. पुढे, तो म्हणतो, घराण्याचा मान चार पिढ्या टिकतो. पहिला कमावतो. दुसऱ्याने बापाचे कष्ट डोळ्यांनी पाहिलेले असतात. तिसरा नुसती नक्कल करतो. चौथ्याला वाटतं, हे सगळं आपल्याला जन्मानेच मिळालंय.

हा चौथा ऐषारामी होतो म्हणून राज्य बुडतं, असं कीर्तनी थाटात सांगितलं जातं. मला त्याच्या ऐषारामाची फारशी काळजी नाही. तो नियम बदलतो, ते जास्त महागात पडतं.

व्हेनिसचंच बघा. खाजणातलं शहर, सगळी भिस्त समुद्रावर. तिथे 'कोलेगांझा' नावाचा करार चाले. एकाने घरी राहून पैसा घालायचा, दुसऱ्याने जहाजावर जायचं. नफ्यातला पाऊण हिस्सा पहिल्याचा, पाव दुसऱ्याचा. हिंमतीखेरीज जवळ काही नसलेला पोरगाही काही सफरींनंतर स्वतः पैसे लावू शके. अशी नवी नावं शहराचा कारभार पाहणाऱ्या महापरिषदेतही पोचत.

1297 मध्ये परिषदेतल्या घराण्यांनी सभासदत्वाचे नियम बदलले आणि पुढच्या काही दशकांत ते वंशपरंपरेने मिळू लागलं. इतिहासात या घटनेचं नाव 'सेर्राता', म्हणजे बंद करणं. 1506 पासून उमरावांच्या मुलांचे जन्मही सरकारदरबारी नोंदले जाऊ लागले. त्या वहीला म्हणत 'सोनेरी पुस्तक'.

आणि झालं काय? काहीच नाही! शहर दोनशे वर्षं झळकत राहिलं. म्हणून तर पुढच्या उतरणीचा दोष समुद्रमार्गाने 1498 मध्ये कालिकतला पोचलेल्या वास्को द गामावर जातो. धक्का बसला, नाही असं नाही, पण सोळाव्या शतकात व्हेनिसचा मिरीचा व्यापार पुन्हा बराच सावरला होता. आटत होती ती माणसं. मालमत्ता वाटली जाऊ नये म्हणून बरीच घराणी एकाच भावाचं लग्न करत; उमरावांची संख्या घटत गेली. सतराव्या शतकात क्रीटच्या युद्धाला पैसा कमी पडला, तेव्हा एक लाख डुकाटला (डुकाट म्हणजे व्हेनिसचं नाणं) उमरावपद विकायला काढलं. दार उघडलं, पण किमतीची पाटी लावून. दुसरीकडे सान बार्नाबाच्या वस्तीत कफल्लक उमराव राहत. सुंभ जळला होता, पीळ कायम होता: अंगावर रेशीम, आणि पोटासाठी मत विकायचं. 12 मे 1797 रोजी नेपोलियनच्या धाकाने परिषदेने स्वतःलाच बरखास्त केलं. त्या सभेला गणपूर्तीसुद्धा झाली नव्हती.

कुणी म्हणेल, मग वारसाच नको. ऑटोमन सुलतानांनी तेही करून पाहिलं. ख्रिस्ती घरांतली मुलं उचलून आणायची, त्यांना मुसलमान करायचं, त्यांची जानिसारी फौज उभारायची आणि लग्नाला बंदी घालायची. मुलगाच नाही, तर हक्क सांगणार कोण? सोळाव्या शतकात ही बंदी सैल झाली. मग मुलं आली, मुलांची नावं पटावर आली, आणि हळूहळू पगाराच्या चिठ्ठ्याच बाजारात विकल्या जाऊ लागल्या. हजेरीपटावर शिपाई, प्रत्यक्षात दुकानदार. सुधारणेचं नाव काढणाऱ्या तिसऱ्या सेलिमला त्यांनी 1807 मध्ये गादीवरून खाली खेचलं. 1826 मध्ये दुसऱ्या महमूदने मात्र आधी तोफखाना आपल्या बाजूला वळवला, आणि मग इस्तंबूलमधल्या त्यांच्या बराकींवर तोफा डागल्या.