वाचलेलं आणि वाचायचं

नमस्कार श्रोतेहो.

दोन वाचक भेटले की पहिला प्रश्न ठरलेला, "सध्या काय वाचताय?" आणि त्याच्या मागोमाग दुसरा, "यानंतर काय?" पहिल्याचं उत्तर चटकन येतं. दुसऱ्याला मात्र माणूस अडखळतो. उशाशी चार पुस्तकं, टेबलावर सहा, फोनमध्ये उतरवून ठेवलेली वेगळीच. यातलं पुढचं कोणतं? आज बोलायचं आहे ते या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. यानंतर काय?

हा प्रश्न निघाला की मला चार्ल्स डार्विन आठवतो. उत्क्रांतीचा डार्विन आपण शाळेतच शिकलो. वाचक डार्विनबद्दल फारसं कुणी बोलत नाही, आणि मला तर तोच जास्त आवडतो.

१८३८ पासून १८६० पर्यंत हा माणूस वाचनाच्या वह्या ठेवत होता. त्यांत दोन प्रकारच्या याद्या. एक वाचायच्या पुस्तकांची, एक वाचून झालेल्यांची. आणि जे वहीत, तेच घरात. त्याचा मुलगा फ्रान्सिस यानं वडिलांच्या आठवणी लिहिल्या आहेत. तो सांगतो, न वाचलेली पुस्तकं एका फळीवर रचलेली असत, वाचून झाली की ती दुसऱ्या फळीवर जात. न वाचलेल्या ढिगाकडे बघून डार्विन कण्हायचा. यातली कितीतरी आपल्या हातून वाचून होणारच नाहीत, हे त्याला कळत होतं.

मग तो काय करायचा? काही पुस्तकं सरळ उचलून वाचलेल्यांच्या ढिगात टाकायचा. पण खोटेपणा नाही हं! पुस्तकाच्या शेवटी लिहून ठेवायचा, "वाचलेलं नाही". किंवा, "नुसतं चाळलं". आणि ज्यात खूण करावी असं काहीच सापडलं नाही, त्याच्या शेवटी एक शून्य. ज्यात सापडलं, त्याच्या मागे खुणांच्या पानांची यादी. पुढे दुसरी फळीही ओसंडून वाहायला लागायची. मग सगळ्यांची नोंद करायला एक अख्खा दिवस काढावा लागे. त्याला त्या कामाचा मनस्वी कंटाळा. ही पुस्तकं आता लवकर उरकायलाच हवीत, असं तो अगदी हताश आवाजात म्हणत राहायचा.

पुस्तक जड असेल, हातात धरवत नसेल, तर तो ते सरळ मधोमध कापायचा. भूगर्भशास्त्रज्ञ लायेलला त्यानं सांगितलं, तुमचं पुस्तक मला कापावं लागलं. आणि त्यामुळे लायेलनं पुढची आवृत्ती दोन खंडांत काढली, असं तो अभिमानानं सांगे. पुस्तक कापणं माझ्यानं होणार नाही. पण ते वापरायची वस्तू आहे, हे मला पूर्ण मान्य आहे.

तर पुन्हा सांगतो, दोन याद्या. वाचलेली आणि वाचायची. आणि त्यांच्यामध्ये, "चाळलं" असं लिहायचा प्रामाणिकपणा.

इथे एक बोलून घेतो. पुस्तकाच्या शेवटी पानांची सूची वाचकानं का करायची? कितीतरी जाडजूड वैचारिक पुस्तकं सूचीशिवाय छापली जातात. पाचशे पानांतून एक नाव शोधायला निघालेल्या वाचकाचे हाल प्रकाशकांनी एकदा बघावेत. आपले ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा आहे, वाचकाचा वेळ वाचवा. सूची नसलेलं पुस्तक तो नियम रोज मोडतं.

असो. यादीत काय असावं? आपल्या कामाबाहेरचं काहीतरी असावंच. अर्थशास्त्रज्ञ माल्थसचा लोकसंख्येवरचा निबंध डार्विननं १८३८ मध्ये वाचला तो करमणूक म्हणून, असं त्यानंच आत्मचरित्रात लिहिलंय. नैसर्गिक निवडीच्या विचाराला वाट मिळाली ती तिथे. म्हणून वर्षाला अमुक इतकी पुस्तकं संपवायचीच, ही चढाओढ मला नको वाटते. आकडा गाठायचा म्हटलं की माणूस पातळ पुस्तकं निवडतो, आणि आडवाटेचं जाड पुस्तक फळीवरच राहतं.

आणि एक कवितासंग्रह. तरुणपणी बीगल जहाजावरून भटकंतीला उतरताना एकच पुस्तक न्यायचं असेल, तर डार्विन इंग्रज कवी मिल्टन निवडायचा. उतारवयात त्याला कविता वाचवेना. पुन्हा जगायला मिळालं तर आठवड्यातून एकदा तरी थोडी कविता वाचीन, असं त्यानं लिहून ठेवलं. कादंबऱ्या मात्र त्याला शेवटपर्यंत लागत, घरातली माणसं वाचून दाखवत. फक्त शेवट दुःखाचा नको, त्याविरुद्ध कायदाच हवा म्हणे. हे काही मला पटत नाही. मनात वर्षानुवर्षं राहिलेल्या माझ्या बहुतेक कादंबऱ्या दुःखातच संपतात.

सध्या माझ्या हातात एक पत्रसंग्रह आहे. पत्र लिहिणारा एका प्रवासवर्णनाबद्दल सारखा भांडतोय, म्हणून पुढचं पुस्तक तेच. पुढचं पुस्तक बहुधा हातातलं पुस्तकच सुचवतं. तुमच्या हातात काय आहे, आणि त्यानं काय सुचवलंय? दोन ओळींत कळवा. अर्धवट सोडलेलं असेल तर तेही लिहा, "चाळलं" म्हणून. पुढच्या भागात तुमच्या याद्या वाचून दाखवीन. नमस्कार.